आईचं वावर गहाण ठेवून मशीन लावू का?

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ४१ वर्षांच्या शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. आई ६८ वर्षांची. दीड वर्षापूर्वी नागपूरला तपासलं तेव्हा अल्झायमर सांगितला आणि रात्रीची एक गोळी सुरू झाली. आई एकच गोष्ट दहादा विचारते, चुलीवर दूध ठेवून विसरते, दिवस मावळला की लुगड्याचं बोचकं बांधून 'माह्या गावाले जातो' म्हणत निघते. मागच्या महिन्यात तिनं यांनाच विचारलं, 'तू कोनाचा रे बाबू?' पुण्याच्या मोठ्या भावानं एक व्हिडिओ पाठवला. त्यात डोक्याला चुंबकाचं मशीन लावल्यावर एक आजोबा नातवाचं नाव सांगतात. नागपूरच्या एका खासगी क्लिनिकमध्ये चौकशी केली तर ३० सिटिंगचे ७५ हजार, राहणं-खाणं वेगळं. निम्मे भाऊ देतो म्हणतो. उरलेल्यासाठी आईच्या नावावरचं दोन एकर वावर गहाण ठेवायचा विचार आहे. बायको नाही म्हणते. अमरावतीची बहीण म्हणते, 'आईसाठी पैसे मोजून राहिला काय?' वाचकांचा प्रश्न असा: मशीन लावलं तर आई मला ओळखेल का? आणि नाही लावलं तर मी कसला मुलगा?

भाऊ,

'तू कोनाचा रे बाबू?' हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे आणि दुसऱ्यांदा त्याखाली रेघ ओढली आहे. मशीनचा विचार त्याच दिवशी सुरू झाला असणार, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

या आजारात आठवणी नव्याकडून जुन्याकडे पुसत जातात. सकाळचं जेवण आधी जातं, मग मागच्या वर्षीचं पुतणीचं लग्न, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं माहेर अगदी शेवटी. आईच्या मनात तुम्ही बहुधा अजून दप्तर घेऊन शाळेत जाणारं पोरगं आहात. समोर उभा राहिलेला मिशीवाला माणूस तिला त्या पोराशी जुळवता आला नाही. पण ती घाबरली नाही, तुम्हाला हाकललं नाही. खेड्यातली म्हातारी माणसं दारात आलेल्या पोराला जसं विचारतात तसंच तिनं विचारलं. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिलं आहे की तिनं ताटातली अर्धी भाकर तुमच्या हातावर ठेवली. त्या ओळीखाली मात्र तुम्ही रेघ ओढलेली नाही.

आता मशीन. व्हिडिओत दाखवलेलं मशीन खोटं नाही, हे पहिल्यांदा सांगते. डॉक्टर त्याला आरटीएमएस म्हणतात. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीत तांब्याच्या तारेचं वाइंडिंग असतं, तसंच इंग्रजी आठाच्या आकाराचं वेटोळं डोक्याजवळ धरतात. त्यातून क्षणभर, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ, जोराचा करंट सोडतात. त्यानं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आत जातं आणि खालच्या मेंदूत बारीकसा करंट उठवतं. असे ठोके एकामागून एक देतात. चिरफाड नाही, भूल नाही. टकटक आवाज येतो, टाळूवर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं, काहींचं डोकं दुखतं. क्वचित एखाद्याला फिट येऊ शकते, म्हणून ज्याला आधी फिट आलेली आहे, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेलं यंत्र आहे, छातीत पेसमेकर आहे, त्यानं डॉक्टरला ते आधी सांगितलंच पाहिजे. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पहिल्यांदा माणसावर वापरून दाखवलं. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ पासून मान्यता आहे आणि आपल्याकडेही मानसोपचारात ते वापरतात.

अल्झायमरसाठी तशी मान्यता तिथं नाही. त्याचं एक कारण समजायला सोपं आहे. हे चुंबक डोक्यात दोन-तीन सेंटिमीटरच पोचतं. नवी आठवण जिथं घडते तो हिप्पोकॅम्पस त्याहून खोल, कानाच्या आतल्या अंगाला आहे, आणि हा आजार आधी त्याच भागात शिरतो. म्हणून संशोधक मेंदूच्या वरच्या भागातल्या अशा जागा धरतात, ज्यांचा त्या खोल भागाशी संबंध आहे. पाटाच्या वरच्या तोंडाशी पाणी सोडलं तर ते शेवटच्या वावरापर्यंत जाऊ शकतं, पण मधला पाट किती बुजला आहे त्यावर सगळं आहे. आजार सुरुवातीचा असेल तर थोडी आशा, पुढं गेला असेल तर कमी, हे यातूनच येतं.

आशा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. इटलीत रोमच्या जाकोमो कोख यांच्या गटानं २०२२ मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम आजाराचे ५० रुग्ण होते. निम्म्यांना डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेल्या प्रिक्युनिअस नावाच्या जागेवर खरं चुंबक, निम्म्यांना नुसता आवाज करणारं खोटं. कोणाला काय लागलं ते रुग्णाला माहीत नव्हतं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, मग बावीस आठवडे आठवड्यातून एकदा. सहा महिन्यांनी खोट्या मशीनवाल्यांची तब्येत घसरलेली होती, खऱ्यावाल्यांची जवळजवळ होती तिथंच राहिली. रोजची कामंही त्यांना जास्त जमत होती. पन्नास रुग्णांचा अभ्यास लहानच म्हणायचा, पण मला तो वाचून मनापासून बरं वाटलं होतं. उलट बाजूही सांगते. चुंबक आणि मेंदूचे व्यायाम एकत्र देणारं एक यंत्र २०१९ मध्ये अमेरिकेत सरकारी सल्लागार समितीपुढे आलं, तेव्हा फायदा पुरेसा सिद्ध झाला आहे असं त्या समितीला वाटलं नाही.

इटलीतल्या चांगल्या निकालात सुद्धा मिळालं ते 'घसरण थांबली' एवढंच, आणि तेही आजार फार पुढं न गेलेल्या लोकांत. पुसलेली आठवण परत आली, मुलगा ओळखू आला, असं त्या अभ्यासात कोणी म्हटलेलं नाही. तुम्ही ७५ हजार मोजायला निघालात ते 'आई मला ओळखेल' यासाठी, आणि ते या मशीनकडे विकायला नाही. तुमच्या मनात कुठंतरी असं आहे की आईच्या आठवणी आत कुलपात ठेवल्या आहेत आणि शहरातल्या कोणाकडे तरी किल्ली आहे. आजाराचं तसं नसतं. पेशीच सुकत जातात.

मग व्हिडिओतल्या आजोबांचं काय? या आजारात चांगले दिवस आणि वाईट दिवस असतात. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की पोळ्याच्या दिवशी आईनं मेलेल्या बैलांची नावं ओळीनं सांगितली. त्या दिवशी कोणी मोबाईल धरला असता आणि आदल्या दिवशी तिच्या कपाळाला कसलं तरी यंत्र लावलं असतं, तर तोही व्हिडिओ झाला असता. म्हणून तर अभ्यासात निम्म्यांना खोटं मशीन लावावं लागतं.

३० सिटिंग म्हणजे आठवड्याला पाच धरले तरी सहा आठवडे. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, तुमचं गाव त्याच्याही पलीकडं, म्हणजे रोज जाणं-येणं नाहीच. नागपूरला खोली करावी लागेल. इथं मला माझ्या घरातलं सांगायचं आहे. माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. आम्ही वर्ध्याला होतो. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या इंजेक्शनांचा कोर्स आहे असं कोणीतरी सांगितलं, आणि मी आणि माझे मिस्टर त्यांना घेऊन परगावी एका लॉजमध्ये तीन आठवड्यांसाठी जाऊन राहिलो. घरी डोळे मिटून वावरणाऱ्या सासूबाईंना त्या खोलीत संडासचं दार कोणत्या बाजूला हे रोज रात्री नव्यानं शोधावं लागे. अठराव्या रात्री त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या काठीशिवाय कधी चालल्या नाहीत. इंजेक्शनांनी फरक पडला नाही हे दुःख मी केव्हाच विसरले, त्या खोलीचं दुःख अजून आहे. ओळखीचं घर, ओळखीचा उंबरा, ओळखीची माणसं, यांच्या आधारानंच असा माणूस दिवस काढत असतो. तो आधार सहा आठवडे काढून घेण्याची किंमत क्लिनिकच्या हिशेबात कुठंच धरलेली नाही.

एवढं वाचूनही मनातून जात नसेल तर क्लिनिकला हे विचारा, आणि उत्तरं कागदावर मागा. मेंदूच्या कोणत्या जागेवर मशीन लावणार आणि ती जागा कशी शोधणार? समोर मेंदूविकाराचे किंवा मानसोपचाराचे डॉक्टर असणार, की नुसता मशीन चालवणारा मुलगा? फिट आली तर काय करणार? आधीची आणि नंतरची तपासणी कोण करणार? तीस सिटिंग संपल्यावर पुढं काय? इटलीतल्या लोकांना तर सहा महिने दर आठवड्याला यावं लागलं होतं. 'हे संशोधनच आहे' असं म्हणाले तर सरळ विचारा, सीटीआरआय नंबर काय? आपल्या देशात औषध-उपचारांच्या अशा चाचण्यांची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करतात, ती कोणालाही इंटरनेटवर बघता येते, आणि संशोधनातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मोफत, नोंदलेला, नीतिसमितीनं मंजूर केलेला अभ्यास एखाद्या शिकवणाऱ्या दवाखान्यात निघाला, आईचा आजार त्यात बसला आणि राहायला नागपुरात सख्ख्या नातलगाचं घर असलं, तर मी 'जा' म्हणेन. जो वाचक शहरातच राहतो, ज्याच्या घरच्या माणसाचा आजार नुकताच कळला आहे आणि ज्याला यासाठी कर्ज काढावं लागत नाही, त्यानंही आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवायला हरकत नाही. तुमचं तसं नाही.

भावानं ऑनलाइन मागवतो म्हटलेला डोक्याचा पट्टा मात्र नको. ते वेगळं तंत्र आहे, टीडीसीएस. ओल्या स्पंजातून एक-दोन मिलिअँपिअर एवढा हलका करंट देतात. त्याचे निकाल कधी असे, कधी तसे आहेत. घरी स्पंज वाळला की कातडी भाजते, आणि आईला ते नीट सांगता येणार नाही. सेकंदाला चाळीसदा उघडझाप करणाऱ्या दिव्याचंही तेच. २०१६ मध्ये उंदरांवर त्याचा चांगला परिणाम दिसल्याचा मोठा गाजावाजा झाला, २०२३ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेला तसं काही दिसलं नाही. माणसांवर अजून पारख चालू आहे. असा दिवा दाखवणाऱ्या मोबाईलमधल्या ॲपवर भरवसा ठेवू नका.

वावराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला ते टाळता येत नाही. सातबारा आईच्या नावावर आहे. गहाणखतावर सही किंवा अंगठा तिचा लागणार. ती काय करते आहे आणि त्यानं काय होईल हे त्या वेळी तिला समजत नसेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे तो करार टिकत नाही. उद्या सावकार, भाऊ, बहीण, कोणीही तो अंगठा तुमच्याच गळ्यात अडकवू शकतं. तुमच्या मनात वाकडं नाही हे मला पत्रावरून दिसतं, कागदावरून कोणाला दिसणार नाही. जमिनीबद्दल काहीही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन या. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत सल्ला मिळतो, आणि जमीन आईची आहे. शिवाय ते दोन एकर हेच तिच्या पुढच्या दहा वर्षांच्या औषधपाण्याचं साधन आहे. हा आजार पुष्कळ वर्षं चालतो.

'बायको नाही म्हणते.' भावाचं म्हणणं तुम्ही अर्ध्या पानात लिहिलं, बहिणीचं चार ओळींत, आणि हिचं तीन शब्दांत. ती का नाही म्हणते ते विचारलंत का? आईला आंघोळ कोण घालतं, रात्री दोनदा उठून बाहेर कोण नेतं, बोचकं घेऊन निघालेल्या म्हातारीच्या मागं पांदणीपर्यंत कोण जातं, हे पत्रात नाही. मला तरी वाटतं तीच जाते. कदाचित ती पैशासाठी नाही म्हणत नसेल, सहा आठवडे नागपूरच्या खोलीत आईजवळ कोण राहणार हे तिला आत्ताच दिसत असेल. आज जेवणं झाल्यावर तिला नुसतं विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. आईच्या आजाराबद्दल तुमच्या घरात सगळ्यात जास्त तिलाच ठाऊक आहे.

भावाला मनापासून पैसे द्यायचे आहेत तर त्याला नाही म्हणू नका. लांब राहणाऱ्या मुलाला पैशाशिवाय दुसरं काही पाठवता येत नाही, आणि त्याचंही आतून तुटत असतं. त्याला हिशेब सांगा: गावातली एखादी ओळखीची, मायाळू बाई रोज दुपारी चार तास आईजवळ बसायला ठेवली आणि महिन्याला सहा हजार दिले, तरी वर्षाचे ७२ हजार होतात. म्हणजे त्या क्लिनिकच्या पैशात वर्षभर तुमच्या बायकोला दुपारी आडवं व्हायला मिळतं. बहिणीला सांगा की आईला अमरावतीला नेऊ नकोस, तू इकडं ये, आखाडीला आठ दिवस राहा. ती आठ दिवस राहिली की पैसे मोजण्याचं बोलणं आपोआप बदलेल.

माझा आग्रह आहे तो आता सांगते. दीड वर्षात फेरतपासणी झालेली दिसत नाही, ती आधी करा. तुम्ही लिहिलं आहे की आई माळकरी आहे, आयुष्यभर शाकाहारी. अशा घरांत बी-१२ कमी असणं फार आढळतं, आणि त्याच्या कमतरतेनं विसरभोळेपणा वाढतो. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. सोडियम, साखर आणि लघवीची तपासणीही. डोक्याला मार लागला होता का, हे आठवा. म्हाताऱ्या माणसाला बैलानं ढुशी दिली, ओसरीवरून पाय घसरला, आणि महिन्याभरानं डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त गोंधळ वाढवतं, असं होतं. ते काढता येतं. सगळ्यांच्या बाबतीत यातून काही निघेलच असं नाही, पण जे निघेल ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

गावात सर्दीला, खाजेला मिळणाऱ्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, वारंवार लघवीसाठीच्या काही गोळ्या, नैराश्यावर देतात ती अमिट्रिप्टिलिन यांनी म्हाताऱ्या माणसाची स्मृती आणखी मंदावते. आईची रात्रीची गोळी डोनेपेझिल असेल तर या गोळ्या तिच्या अगदी उलट काम करतात, म्हणजे एका हातानं भरायचं आणि दुसऱ्या हातानं सांडायचं. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरपुढं ओता. डोनेपेझिलनं भूक जाते, जुलाब होतात, काहींची नाडी मंदावते. आई जेवत नाही असं तुम्ही लिहिलंच आहे, तेही सांगा.

आणि कान. 'टीव्ही फार मोठ्यानं लावते, हाक मारली तर बघत नाही,' हे तुम्ही आजाराच्या खात्यात टाकलं आहे. मळ असेल, ऐकू कमी येत असेल. जे कानात शिरलंच नाही ते लक्षात कसं राहणार? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यांत बहिरेपण वरच्या ओळीत आहे. कानाचं मशीन डोक्याच्या मशीनपेक्षा फार स्वस्त पडतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. पंचायत समितीत किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारा.

यातलं बहुतेक नागपूरला न जाता होतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. वर्धा जिल्हा जवळ असलेल्या वाचकांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. तपासताना डॉक्टर तारीख-महिना विचारतील. तेव्हा न लाजता सांगा की आई चौथी शिकलेली आहे, तिला जून-जुलै कधीच ठाऊक नव्हते. तिला विचारायचं तर पोळा झाला की यायचा, तूर फुलली की शेंगेवर आली, असं विचारा. नाहीतर आजार आहे त्याहून मोठा दिसतो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. हा नंबर आईसाठी जेवढा आहे तेवढाच तुमच्या बायकोसाठी आणि तुमच्यासाठीही आहे.

कापसाच्या घरात या आजाराचं माणूस असलं की एका गोष्टीची मला कायम धास्ती वाटते. फवारणीच्या औषधाचे डबे कुठं ठेवता? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीच्या विषबाधेत किती माणसं गमावली ते तुम्हाला सांगायला नको. तहान लागलेल्या, ओळख पुसलेल्या म्हातारीला बाटलीवरची कवटी कळत नाही. आजच्या आज सगळे डबे, रिकामे सुद्धा, कुलपात घाला आणि घरात पाण्याची बाटली नि औषधाची बाटली सारखी दिसणार नाही असं करा. वावरातल्या विहिरीला कठडा नसेल तर जाळी टाका. उन्हाळ्यात, पंचेचाळीसच्या वर पारा गेला की आई पाणी मागायचं विसरेल. दर तासाला कोणीतरी पेला तिच्या हातात द्यायचा. आणि एखाद्या दिवशी ती अचानक, एक-दोन दिवसांतच, फार बरळायला लागली, झोपाळली, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाण्याची कमी, काहीतरी असतं. लगेच दवाखाना.

दिवस मावळताना बोचकं बांधून निघते तेव्हा 'हेच तुहं गाव आहे' असं सांगून उपयोग होत नाही, उलट ती चिडते. तिला त्या वेळी माहेरची ओढ लागते. दार अडवू नका, तिच्यासोबत चार पावलं चाला, 'तुह्या गावाले चिंच होती ना मोठी?' असं काही विचारा. पांदणीतून वळून परत या. चार वाजताच चहा आणि हाताला काम दिलं तर पुष्कळदा ती वेळ टळूनही जाते. गावात सगळ्यांना सांगून ठेवा, किराणावाल्याला, एसटीच्या थांब्यावरच्या पोरांना. लपवू नका. साठीपुढच्या दर शंभरात साधारण सात माणसांना स्मृतिभ्रंश आहे असा आपल्या देशाचा अंदाज आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. तुमच्या गावात आणखी दोन-चार घरं असतीलच, ती तुमच्यासारखीच गप्प आहेत.

पुन्हा 'कोनाचा रे बाबू?' म्हणाली तर 'ओळख बरं मी कोण' असली परीक्षा घेऊ नका. नापास झाल्याचं तिला कळतं. तुम्हीच सांगा, 'माय, मी तुहा लहाना पोरगा.' रोज सांगावं लागलं तरी रोज सांगा.

हाताच्या कामावरून आठवलं. खुब्याचं हाड मोडल्यावर सासूबाई खाटेवर असत. माझं नाव त्यांना येत नव्हतं, मला त्या शेजारणीच्या नावानं हाक मारायच्या. एकदा मी सरकी काढलेला कापूस त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चिमूटभर घेतला, दोन बोटांत पिंजला, तळव्याला राख लावली आणि मांडीवर एका झटक्यात वात वळली, टोकाला बारीक, मध्ये फुगीर. मग दुसरी. किती झाल्या ते त्यांना मोजता येत नव्हतं, पण एकही वात सैल नव्हती. हातांची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेनं राहते, तिथं हा आजार उशिरा पोचतो. कापूस तुमच्या घरचाच आहे. उद्या चार वाजता मूठभर तिच्यापुढं ठेवा, आणि तुम्हीही शेजारी बसून वळायला लागा. तुमच्या वाती वाकड्या होतील. ती तुमच्या हातातून घेऊन नीट करून देईल.

बी-१२ चा रिपोर्ट आला की कळवा.